बारामती-इंदापूरचीं हायस्कुलें : तुलना कोणत्या मापानें करावी?

जून महिना जवळ आला म्हणजे बारामती आणि इंदापूर या दोन्ही गांवांतील शिकल्या-सवरल्या घरांतून एकच विषय निघतो : मुलाला कोणत्या हायस्कुलांत घालावें? शालान्त परीक्षेचा निकाल लागलेला असतो. शाळांच्या दारांवर फलक झळकत असतात आणि त्यांवर शेंकडा किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, पहिल्या आलेल्या मुलीला किती गुण पडले, हें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. शेजारी शेजाऱ्याला विचारतो, मामा भाच्याला सल्ला देतो, आणि बहुधा ज्या शाळेचा आंकडा मोठा, तिकडेच पाय वळतात. निवडीची ही रीत सोपी आहे यांत शंका नाहीं. ती खरी आहे काय, हा प्रश्न मात्र निराळा. एका मुलाच्या पांच-सहा वर्षांचा, आणि कित्येकदां साऱ्या आयुष्याचा, निर्णय ज्या एका आंकड्यावर सोंपवावयाचा, तो आंकडा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे.

दोन गोष्टींची तुलना करावयाची तर माप योग्य पाहिजे, हा धडा इंदापूर तालुक्यानें साऱ्या मुंबई इलाख्याला एकदां शिकविलेला आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं, १८२७ नंतरच्या कांहीं वर्षांत, प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्यांतील जमिनींची मोजणी केली आणि खर्च वजा जातां शेतांतून किती उत्पन्न उरतें, याच्या अंदाजावर सारा बसविला. कागदावर आंकडे सुबक होते. परंतु प्रत्यक्षांत सारा वसूल होईना, शेतें ओस पडलीं आणि रयत गांव सोडून जाऊं लागली. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनीं इंदापूर तालुक्यांतच नव्यानें पाहणी आरंभिली. त्यांनीं उत्पन्नाच्या अंदाजाचा नाद सोडला. जमिनीची खोली किती, माती कोणत्या जातीची, तींत दोष कोणते, हें पाहून त्यांनीं जमिनीच्या प्रती लावल्या, सारा हलका केला आणि तो तीस वर्षांपुरता कायम केला. हीच पद्धत पुढें इलाखाभर पसरली. बरड माळावर आलेली थोडी बाजरी आणि काळ्या रानांत आलेली भरघोस ज्वारी यांच्या राशी शेजारीं शेजारीं मांडून कोणत्या शेतकऱ्यानें अधिक कष्ट केले हें ठरवितां येत नाहीं. आधीं जमीन पाहावी लागते. शाळांचेंही तसेंच आहे. निकाल हें पीक होय. तें कोणत्या जमिनींत आलें हें पाहिल्यावांचून शाळेची परीक्षा पुरी होत नाहीं.

म्हणून प्रथम ही जमीनच पाहणें इष्ट होईल. बारामती कऱ्हा नदीच्या कांठीं, पुण्यापासून सुमारें १०० किलोमीटरांवर आहे. इंदापूर पुणें-सोलापूर हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारें १४० किलोमीटरांवर. दोहोंमधील अंतर पन्नासएक किलोमीटरांचें. २०११ च्या खानेसुमारींत बारामतीची वस्ती ५४ हजारांच्या घरांत आणि इंदापूरची २५ हजारांच्या घरांत होती. म्हणजे एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठें. बारामतीला विद्येची परंपरा जुनी आहे. श्रीधरस्वामींनीं ‘शिवलीलामृत’ येथेंच रचिलें आणि मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आपल्या आयुष्याचा मोठा भाग येथेंच काव्यरचनेंत घालविला. परंतु ती विद्या थोड्या घरांपुरती होती. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलापर्यंत तिला वाट मिळाली ती पुष्कळ उशिरां, आणि त्या वाटेंत पाण्याचा व दळणवळणाचा हात मोठा होता. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहूं लागला. १९१४ सालीं दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची आगगाडी आली. तिचे रूळ आतां रुंद झालेले आहेत. कालव्यामुळें ऊस आला, उसामुळें गुळाची पेठ भरली, आणि पेठेबरोबर हायस्कुलाची फी भरूं शकणारीं घरें गांवांत वाढलीं.

तथापि कालव्याचें पाणी सगळीकडे सारखें पोंचत नाहीं. बारामती तालुक्यांतच माळेगांव, सोमेश्वरनगर हा बागाइती पट्टा आहे आणि सुपें, मोरगांव, लोणी भापकर हा जिराइती भाग आहे, जेथें पाऊस हुलकावणी देतो आणि उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत पडते. इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधें वसलेला. पूर्वेच्या टोंकाला नीरा-नरसिंहपुरापाशीं त्या नद्या एकमेकींस मिळतात. पण कालव्याचें शेंवट याच तालुक्यांत येतें, आणि शेंवटच्या शेतकऱ्याला पाणी उरेलच असा भरंवसा नसतो. शिवाय १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखालीं भीमेकांठचीं पळसदेवासारखीं गांवें गेलीं, आणि तेथील कुटुंबांना नव्या जागीं संसार मांडावे लागले. सारांश, या दोन तालुक्यांत एकाच हायस्कुलाच्या एकाच वर्गांत बागाइतदाराचा मुलगा, पेठेंतील व्यापाऱ्याची मुलगी, कारखान्यांतील कामगाराचें मूल आणि जिराइती गांवाहून पहांटे उठून आलेलें मूल हीं एका बांकावर बसतात. काळी जमीन आणि बरड माळ हीं येथें एकाच वर्गांत आहेत.

सार्वजनिक हायस्कूल म्हणजे काय, याचाही येथें खुलासा केला पाहिजे. कारण महाराष्ट्रांत या शब्दाचा अर्थ इतर देशांहून निराळा आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें लोकांच्या शाळांना सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व आलें. १८८२ च्या हंटर कमिशननें असा सल्ला दिला कीं, सरकारनें दुय्यम शिक्षणांतून हळूहळू अंग काढून घ्यावें आणि तें अनुदानाच्या आधारावर लोकांच्या संस्थांकडे सोंपवावें. याच कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन ठेवून, सरकारचा पैसा आधीं रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा अशी मागणी केली होती. या सर्वांचा परिणाम आजही दिसतो. प्राथमिक शाळा प्रायः जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या असतात; हायस्कुलें मात्र बहुतेक खासगी संस्थांचीं असून त्यांतील शिक्षकांचा पगार सरकार देतें. संस्था खासगी, पगार सरकारी आणि दार सर्वांना उघडें, असें हें तिपेडी सूत आहे. शिक्षकांच्या नोकरीच्या शर्तीही १९७७ च्या कायद्यानें बांधलेल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या खेड्यांतील शाळा पुष्कळ ठिकाणीं चौथीपर्यंत आणि कांहीं ठिकाणीं सातवीपर्यंत असतात. त्यामुळें खेड्यांतलें मूल पांचवींत किंवा आठवींत हायस्कुलाच्या दारीं येतें. तेंच तुलनेचें आरंभस्थान होय.

या दोन तालुक्यांतील हायस्कुलें एका सांच्यांतून निघालेलीं नाहींत. बारामतींत महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचें हायस्कूल आहे; हल्लीं तें कै. ग. भि. देशपांडे विद्यालय या नांवानें ओळखलें जातें. या संस्थेचें मूळ १८६० सालच्या ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’मध्यें असून तिच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे व वासुदेव बळवंत फडके यांच्याबरोबर लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांचें नांव येतें. पुण्याच्या शिक्षणसंस्थेची ही शाखा तालुक्याच्या गांवीं आली ती पुण्याची शिस्त आणि पुण्याचा अभ्यासक्रम घेऊन. दुसरी परंपरा रयत शिक्षण संस्थेची. १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं भाऊराव पाटील यांनीं ती स्थापिली आणि तिचा पाया वर्गापेक्षां वसतिगृहावर घातला. निरनिराळ्या जातींच्या मुलांनीं एकत्र राहावें, स्वतःच्या कष्टानें शिकावें, हा तिचा बाणा. बारामतीचें छत्रपती शाहू हायस्कूल याच संस्थेचें.

तिसरा प्रकार कारखान्यांचा. वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत इंदापूर तालुक्यांतील कळंब गांवाच्या माळावर साखर कारखाना उभारला, आणि त्याच्याभोंवतीं वालचंदनगर ही वसाहत वाढली. कामगारांच्या मुलांसाठीं तेथें शाळा निघाली. वर्धमान विद्यालय हें तिथलें प्रसिद्ध विद्यालय. पुढें सहकारी कारखाने निघाले तेव्हां भवानीनगर, शिवनगर अशा ठिकाणीं कारखान्याच्या भोंवतीं शिक्षणाचीं केंद्रें तयार झालीं. चौथा प्रकार गांवच्या व तालुक्याच्या पुढाकारानें वाढलेल्या शाळांचा : इंदापूरचें श्री नारायणदास रामदास हायस्कूल, बावड्याचें श्री शिवाजी विद्यालय हीं त्यांचीं उदाहरणें. पांचवा प्रकार अलीकडचा. १९७२ सालीं स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठाननें बारामतींत इंग्रजी माध्यमाच्या शाळेपासून अभियांत्रिकीपर्यंत विस्तार केला. आणि माळेगांवजवळ शारदानगर येथें मुलींच्या शिक्षणाचें मोठें केंद्र उभें राहिलें. १९३८ सालीं पुणें जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या शारदाबाई पवार यांचें नांव त्या जागेला दिलेलें आहे. याखेरीज २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर केवळ फीवर चालणाऱ्या शाळाही वाढल्या आहेत.

या प्रत्येक प्रकारच्या शाळेपुढें जन्मापासून निराळें काम होतें. पेठेंतल्या मुलाला कॉलेजपर्यंत नेणें हें एक काम. ज्याच्या घरांत पूर्वीं कोणी अक्षर गिरविलें नाहीं अशा मुलाला दहावीपर्यंत टिकविणें हें दुसरें. वसाहतींतल्या कामगाराच्या मुलाला कसब देणें हें तिसरें. तेव्हां यांची तुलना एका आंकड्यानें करणें म्हणजे वैद्य, सुतार आणि शिंपी यांना एका गजानें मोजण्यासारखें आहे. यावर कोणी म्हणेल, ‘काम निराळें असलें तरी परीक्षा सर्वांना एकच आहे, मग निकालानें मोजलें तर बिघडलें कोठें?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून निकालाच्या आंकड्याचेंच पोट उघडून पाहणें आवश्यक आहे.

निकालाची टक्केवारी म्हणजे परीक्षेला बसलेल्या मुलांपैकीं शेंकडा किती उत्तीर्ण झालीं. सगळी मेख ‘बसलेल्या’ या शब्दांत आहे. एक कल्पित उदाहरण घ्यावें. दोन शाळांत आठवीच्या वर्गांत प्रत्येकीं २०० मुलें दाखल झालीं. पहिल्या शाळेंतून दोन वर्षांनंतर १२० मुलें दहावीच्या परीक्षेस बसलीं आणि सर्वच्या सर्व उत्तीर्ण झालीं : निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेंतून १८० बसलीं आणि १६२ उत्तीर्ण झालीं : निकाल नव्वद टक्के. फलक वाचणारा पहिल्या शाळेकडे जाईल. पण दाखल झालेल्या दर शंभर मुलांचा हिशेब केला तर पहिल्या शाळेनें ६० मुलें पार नेलीं आणि दुसरीनें ८१. पहिल्या शाळेंतील उरलेलीं ऐंशी मुलें कोठें गेलीं? कांहीं दुसऱ्या गांवीं बदलून गेलीं असतील, त्याचा दोष शाळेकडे नाहीं. कांहीं शेतांत, दुकानांत किंवा रोजावर गेलीं. कांहीं मुलींचीं लग्नें झालीं. आणि कांहींना नववींतच अडविलें गेलें.

हें नववीचें प्रकरण पालकांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यामुळें आठवीपर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचें झालें. आठवीपर्यंत मूल सहसा वर चढत येतें. कच्चेपणा उघडा पडतो तो नववींत. तेथें दोन मार्ग असतात. पहिला मार्ग श्रमाचा : सकाळीं जादा तास घ्यावे, गणित आणि इंग्रजी मुळापासून शिकवावें, घरीं जाऊन आई-बापांना भेटावें. दुसरा मार्ग सोपा : कच्च्या मुलाला नववींतच ठेवावें, किंवा त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देण्याचा सल्ला द्यावा. बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या आंकड्यांत धरला जात नाहीं. दुसऱ्या मार्गानें जाणाऱ्या शाळेचा फलक लवकर चमकतो. पहिल्या मार्गानें जाणाऱ्या शाळेचा आंकडा कदाचित् दोन टक्क्यांनीं खालीं येतो. पण ते दोन टक्के म्हणजे ज्यांना दुसऱ्या कोणी परीक्षेपर्यंत नेलेंच नसतें अशीं मुलें असूं शकतात.

गुणांच्या टक्क्यांविषयींही असाच विवेक हवा. दहावीच्या सहा विषयांपैकीं उत्तम पांच विषयांचे गुण धरून टक्के काढण्याची पद्धत २०१० पासून आली. विषयांतले वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते शाळाच देते. कला-क्रीडेंतील प्रावीण्याचे वाढीव गुण त्यांत मिळतात. त्यामुळें पूर्वीं साठ टक्क्यांना जी प्रतिष्ठा होती ती आज नव्वदांनाही नाहीं. पहिल्या आलेल्या मुलीला ९८ टक्के मिळाले कीं ९६, यावरून त्या शाळेंतील चाळिसावा किंवा ऐंशीवा मुलगा काय शिकला हें समजत नाहीं. आणि बहुतेकांचा मुलगा पहिला येणारा नसून मधला असतो. पालकानें विचारावयाचें तें मधल्या मुलाविषयीं.

यानंतर अंतराचा प्रश्न. पुण्या-मुंबईच्या माणसाला शाळा दूर असणें म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास वाटतो. बारामतीच्या जिराइती भागांत किंवा इंदापूरच्या नदीकांठच्या वस्त्यांवर त्याचा अर्थ निराळा आहे. घर रानांत असतें, तेथून फाट्यापर्यंत चालावें लागतें, आणि फाट्यावर एस. टी. किती वाजतां येते यावर त्या मुलाचें शिक्षण अवलंबून राहतें. राज्य परिवहनाच्या गाडींत विद्यार्थ्याला एकतृतीयांश भाड्यांत पास मिळतो आणि अहिल्याबाई होळकर योजनेखालीं मुलींना मोफत पास मिळतो. या मोफत पासानें खेड्यांतल्या मुलींसाठीं जें केलें तें मोठमोठ्या व्याख्यानांनीं झालें नसतें. तथापि पास असला तरी गाडी वेळेवर पाहिजे. संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीला अंधारांत परतावें लागतें. तसें दोन-तीनदां झालें कीं घरांतलीं वडील माणसें ‘पुरे झालें शिक्षण’ असें म्हणूं लागतात. म्हणून ज्या शाळेनें आपली सुटण्याची वेळ गाडीच्या वेळेशीं जुळवून घेतली आहे, जिच्याजवळ मुलींचें वसतिगृह आहे, जिच्यांत मुलींसाठीं पाणी असलेलीं स्वच्छ शौचगृहें आहेत, त्या शाळेनें अर्धी परीक्षा दहावीच्या आधींच जिंकलेली असते. निकालाच्या फलकावर या गोष्टी लिहिलेल्या नसतात.

ऊसतोडणीच्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतें आणि बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून तोडणी मजुरांचीं कुटुंबें येऊन फडाजवळ खोपटीं घालतात. गाळप संपेपर्यंत त्यांचा मुक्काम येथेंच असतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला, सर्वांत महत्त्वाचा भाग त्या मुलांचा एका जिल्ह्यांत, आणि आरंभ व शेंवट दुसऱ्या जिल्ह्यांत जातो. लहान मुलांसाठीं साखरशाळांचा प्रयोग झाला. कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलाला कोणत्याही वेळीं जवळच्या शाळेंत दाखल होतां येतें. परंतु नववी-दहावीच्या मुलाचें काय? तो बहुधा धाकट्या भावंडांना सांभाळतो किंवा हातांत कोयता घेतो. अशा मुलाला हंगामापुरतें वर्गांत बसूं देणारें हायस्कूल निकालाच्या दृष्टीनें कांहींच मिळवीत नाहीं. माणुसकीच्या हिशेबांत मात्र त्याची नोंद वरच्या ओळींत झाली पाहिजे.

आतां शहरांतील सुशिक्षित घराचा या सर्वांशीं संबंध कोठें येतो, तें पाहण्यासारखें आहे. अनुदानित शाळेंत किती शिक्षक असावेत हें दरसाल पटावरील मुलांच्या संख्येवरून ठरतें. याला संचमान्यता म्हणतात. पट घटला कीं तुकडी तुटते, तुकडी तुटली कीं शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे पाठविला जातो. मागें राहिलेल्या मुलांना मग विज्ञान शिकविणाराच गणित शिकवितो, आणि कित्येकदां चित्रकलेचा शिक्षक राहत नाहीं. त्यांतच २०१२ पासून कांहीं वर्षें शिक्षकभरती थांबलेली होती. पुढें ‘पवित्र’ या संगणकीय पद्धतीनें ती सुरू झाली, पण मधल्या काळांत निवृत्त झालेल्यांच्या खुर्च्या पुष्कळ ठिकाणीं रिकाम्या राहिल्या. अशा स्थितींत वकिलाचें, डॉक्टराचें, प्राध्यापकाचें मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत गेलें म्हणजे अनुदानित शाळेच्या पटावरून केवळ एक नांव कमी होतें असें नाहीं. प्रयोगशाळेंत दिवा कां लागत नाहीं, ग्रंथालयाचें कपाट बंद कां, असें पालकसभेंत उभें राहून विचारणारा एक आवाज कमी होतो. मागें उरलेल्या आई-बापांना तो प्रश्न सुचत नाहीं असें नव्हे. रोज बुडवून सभेला येणें त्यांना परवडत नाहीं.

अर्थात् इंग्रजी माध्यमाकडे जाणाऱ्या पालकाला दोष देऊन भागणार नाहीं. आपल्या मुलाला जगाच्या बाजारांत मागें पडावें लागूं नये ही त्याची काळजी खरी आहे. याच काळजीला उत्तर म्हणून पुष्कळ मराठी हायस्कुलांनीं सेमी-इंग्रजी तुकड्या काढल्या. त्यांत गणित आणि विज्ञान इंग्रजींतून, बाकीचे विषय मराठींतून शिकविले जातात. हा मधला मार्ग उपयुक्त आहे. मात्र एक धोका त्यांत आहे. शाळेंतलीं हुशार मुलें आणि चांगले शिक्षक सेमीच्या तुकडींत, आणि खेड्यांतून आलेलीं मुलें शेंवटच्या तुकडींत, अशी वांटणी झाली तर एकाच छपराखालीं दोन शाळा निर्माण होतात. शाळा पाहावयास जाणाऱ्यानें पहिल्या तुकडीबरोबर शेंवटच्या तुकडींतही डोकवावें. तेथें फळ्यावर काय लिहिलें आहे आणि वर्गांत कोण उभें आहे, यावरून शाळेचें अंतरंग कळतें.

मग पालकानें करावें तरी काय? निकाल पाहूं नये असें नाहीं. तो पाहावा, पण त्याच्या जोडीला कांहीं साधे प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न : दोन वर्षांपूर्वीं आठवींत किती मुलें होतीं आणि त्यांतलीं किती यंदा दहावीला बसलीं? शाळांचा वर्गवार पट ‘युडायस’ या सरकारी नोंदींत असतो आणि परीक्षेला बसलेल्यांची संख्या मंडळाच्या निकालांत असते. दोन्ही गोष्टी घरबसल्या संगणकावर पाहतां येतात. दुसरा प्रश्न : गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांना त्या त्या विषयाचे शिक्षक आहेत काय, आणि ते किती वर्षें टिकून आहेत? तिसरा : प्रयोग मुलें स्वतः करतात कीं वहींत उतरवून घेतात? प्रयोगशाळेच्या टेबलावरील धूळ याचें उत्तर मुख्याध्यापकांपेक्षां लवकर देते. चौथा : नववींत मागें पडणाऱ्या मुलासाठीं शाळा काय करते? पांचवा : मुली दहावीपर्यंत टिकतात काय, आणि बाहेरगांवच्या मुली कशा येतात-जातात? आणि सहावा : शिष्यवृत्तीच्या परीक्षांना शाळा निवडक चार मुलें बसविते कीं पुष्कळांना तयार करते? आठवीच्या मुलांसाठीं असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचे वर्षाला १२ हजार रुपये गरीब घरांतल्या मुलाला बारावीपर्यंत उभें ठेवूं शकतात. ज्या शाळेनें ही परीक्षा मनावर घेतली तिनें तितक्या मुलांच्या हातांतलें खुरपें चार वर्षें लांब ठेवलें, असें समजण्यास हरकत नाहीं.

या प्रश्नांचीं उत्तरें मिळविलीं म्हणजे ‘बारामतीचीं हायस्कुलें चांगलीं कीं इंदापूरचीं’ हा वाद बराचसा पोकळ ठरतो. बारामतीला पेठ मोठी, संस्था अधिक, कॉलेजें जवळ. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय तेथें १९६२ पासून आहे. दहावीनंतरची वाट समोर दिसत असली म्हणजे मुलाला आठवींतच बळ येतें. इंदापूरला गांव लहान, शाळा थोड्या, पण त्यामुळेंच सर्व थरांतलीं मुलें एका छपराखालीं येण्याचा संभव अधिक. एके ठिकाणीं निवड करावयास जागा आहे, दुसऱ्या ठिकाणीं एकत्र राहण्याची सक्ती आहे. आणि दोन्हींचे आपापले लाभ आहेत. एका शाळेनें दुसरीपासून शिकावें असेंही पुष्कळ आहे : वसतिगृह चालविण्याचें रयतचें कसब, जुन्या संस्थांची ग्रंथालयाची आणि खेळाची परंपरा, कारखाना-वसाहतींतील कार्यशाळेचा अनुभव. चढाओढीपेक्षां अशा देवघेवींतूनच दोन्ही गांवांचा फायदा होईल.

विंगेट-गोल्डस्मिडांच्या पद्धतीला जवळजवळ दोन शतकें होत आलीं. त्यांचा हेतू सरकारी सारा नीट वसूल व्हावा हा होता. शेतकऱ्यावर दया करण्यासाठीं ते इंदापूरला आलेले नव्हते. तरीही त्यांना एक गोष्ट पटली कीं, जमीन न पाहतां केलेली आकारणी शेवटीं खजिन्यालाही महाग पडते. शिक्षणाच्या बाबतींत हा खजिना सर्वांचा आहे. नववींत गळालेलें मूल दुसऱ्या कोणाचें असलें तरी उद्यां त्याच गांवांत राहणार, त्याच गांवचा कारभार निवडणार, त्याच गांवच्या मुलांना वाढविणार आहे. म्हणून शाळेची निवड करतांना प्रत्येक घरानें आपल्या मुलाचें हित अवश्य पाहावें. मात्र शाळेला जो प्रश्न विचारावयाचा तो ‘तुमचीं किती मुलें पहिलीं आलीं’ एवढाच नसावा. ‘तुमच्या दारांतून आंत आलेल्यांपैकीं किती मुलांना तुम्ही पलीकडच्या तीरावर पोंचविलें’ हा प्रश्न जेव्हां पालक विचारूं लागतील, तेव्हां फलकांवरचे आंकडेही बदलतील, आणि त्या आंकड्यांवर विश्वास ठेवतां येईल.